अठरा दिवसांची कमान

झिगबोदी म्हणजे आमच्या एव्हे भाषेत धीर. पोरीचं नाव ठेवताना आईबापाच्या मनात काय होतं देव जाणे. पण धीर म्हणजे माफी असं ज्यांना वाटतं ना, त्यांना मी हाताला धरून आवाकोपेच्या चर्चमध्ये नेईन आणि वेदीसमोरची कमान दाखवीन. त्या कमानीचं सेंटरिंग माझ्या हातचं. मी दोत्से, सुतार. या गोष्टीत माझ्या बापाचंही तोंड काळं झालेलं आहे, तेव्हा मी कुणाची बाजू घेऊन बोलतोय असं समजू नका.

झिगबोदीताई चुना भाजायची. दगडाचा नव्हे, आमच्याकडे चुन्याचा दगड कुठला! व्होल्टा नदीच्या तळाशी तिसऱ्या असतात, त्यांच्या शिंपांचा. बायका होडीतून जातात, बुडी मारतात, तळातून ओंजळ भरून वर येतात. आतलं मांस तळून, काडीला टोचून बाजारात जातं. मागे शिंपांचा ढीग उरतो. तो ढीग पाम फळाच्या करवंट्यांबरोबर थराथराने भट्टीत रचायचा, दोन दिवस भाजायचा, मग पाणी शिंपून विरवायचा. विरताना असा उसळतो की डोळे सांभाळावे लागतात. ताईच्या बोटांची कातडी या कामात कधीच गेली होती. सरकारी कागदावर अंगठा उठवायला गेली तर नुसता डाग उठायचा, रेघ एक नाही. कारकून वैतागला तर म्हणायची, "रेघा चर्चच्या भिंतीत आहेत, जा, तिथून उतरवून घे."

ते खरंच होतं. त्या चर्चच्या भिंतीत तिच्या बापाच्या घरचा चुना आहे, आणि तिने डोक्यावरून वाहिलेला आहे.

चर्चचा नकाशा समुद्रापलीकडून आला होता. ज्या पाद्र्याने तो काढला त्याने आमचं गाव डोळ्यांनी पाहिलेलं नव्हतं. छप्पर इतकं उभं की विचारू नका. का, तर बर्फ साचू नये म्हणून! आवाकोपेत बर्फ! आमचे म्हातारे अजून हसतात. पण खोटं कशाला बोलू, इमारत देखणी. खिडक्या अरुंद, उंच, वर टोक काढलेल्या. भिंतींना बाहेरून विटांचे जाड टेकू, वर वर निमुळते होत गेलेले, म्हणजे छपराने भिंत बाहेर ढकलली तरी ते तिला धरून ठेवतात. पुढे चौकोनी बुरूज आणि त्यात घंटा. विटा आमच्या नदीकाठच्या मातीच्या. नकाशा परका असला तरी घाम सगळा आमचाच होता, आणि त्यातला निम्मा अग्बेकोचा.

अग्बेको म्हणजे ताईचा बाप, चर्चचा मुख्य गवंडी. एका पाद्र्याने त्याला नकाशा वाचायला शिकवलं, आणि टोकाची कमान कशी उभी राहते ते त्याला त्या पाद्र्याहून आधी कळलं. दोन भांडखोर माणसं कपाळाला कपाळ लावून रेलली की दोघांपैकी कुणीच पडत नाही, तसं आहे ते. पण ती नीट रेलेपर्यंत खालून कुणीतरी धरावं लागतं. ते धरणं म्हणजे सेंटरिंग. कमानीच्याच आकाराचा लाकडी सांगाडा, खांबांवर उभा केलेला, आणि खांबांच्या बुडाशी पाचरी. वरती चुना आवळला की पाचरी हलक्या हाताने ठोकून काढायच्या. सांगाडा चार बोटं खाली बसतो आणि कमान आपल्या पायावर उभी राहते. नाहीतर राहत नाही.

चुना आवळायला चाळीस दिवस लागतात. ओल्या हवेत जास्तच लागतात, कमी कधीच नाही. आणि आमच्या गवंड्यांची रीत अशी, की पाचर काढायचा हुकूम जो देईल, तो कमानीखाली उभा राहील. मग तो गवंडी असो, पाद्री असो, नाहीतर गावचा मुखिया. तोंड एकाचं आणि डोकं दुसऱ्याचं, हे आमच्यात चालत नाही.

आता सेनायाचं सांगतो. एकोणीसशे अडतीस साली तो तेवीस वर्षांचा होता. मिशनच्या शाळेत शिकलेला, बूट घालणारा, बांधकामावर देखरेखीला नेमलेला. ईस्टरला किनाऱ्यावरून मोठे साहेब येणार होते आणि त्यांना वेदीसमोरची कमान मोकळी करून दाखवायची याला घाई. अग्बेको म्हणाला, "साहेबांना म्हणावं, सेंटरिंगसकट बघा. चुन्याला बूट कळत नाहीत." मजूर फिदीफिदी हसले. ते हसू सेनाया विसरला नाही.

अठराव्या दिवशी बाजार होता. कामावर कुणी नव्हतं. सेनाया माझ्या बापाला घेऊन चर्चमध्ये शिरला आणि म्हणाला, पाचरी काढ. बाप म्हणाला, "खाली कोण उभं राहणार?" सेनाया म्हणाला, "असल्या रानटी रिती देवाच्या घरात नकोत," आणि स्वतः दाराशी जाऊन उभा राहिला. माझ्या बापाने पहिली पाचर काढली. मग दुसरी.

हातोड्याचा आवाज ऐकून अग्बेको बाजूच्या दाराने धावत आला. पाचर परत ठोकायला तो सांगाड्याखाली शिरला. त्याच्या मागोमाग चौदा वर्षांची झिगबोदी, डोक्यावर चुन्याची टोपली. तिने दाराशी उभ्या सेनायाचं ओरडणं ऐकलं, "काढ म्हणतो ना!" आणि मग सगळी कमान, वरच्या भिंतीसकट, तिच्या डोळ्यांसमोर बापाच्या अंगावर आली.

मंडळीची सभा भरली. सेनाया उभा राहिला आणि म्हणाला, अग्बेकोनेच बाजाराच्या दिवशी चोरून पाचरी काढल्या. चांगला चुना बाहेर विकला, इथे राख मिसळून घातला, आणि कुणी तपासायच्या आत काम उरकायला बघत होता. चोराच्या उलट्या बोंबा म्हणतात त्या या. झिगबोदी ओरडली, "हा खोटं बोलतोय, यानेच सांगितलं!" तर बायकांनी तिच्या तोंडावर हात दाबला. म्हणाल्या, पोरीला दुःखाने भ्रम झालाय. मग सगळे माझ्या बापाकडे वळले. माझा बाप खाली बघत राहिला. पुढच्या वर्षी चर्चची सगळी बाकं बनवायचं काम त्याला मिळालं. आमच्या घरातलं आक्पले, म्हणजे मक्याच्या पिठाचा घट्ट गोळा, कितीतरी दिवस त्याच कामावर शिजलं, आणि मी ते खाऊन मोठा झालो.

आमच्याकडे रक्ताचं मरण आलेल्याला, म्हणजे पडून, बुडून, चिरडून गेलेल्याला, गावात पुरत नाहीत. नदीपलीकडे वाईट मरणाचं रान आहे, तिथे नेतात. पाद्री म्हणत होता, देवाचं घर बांधताना गेला बिचारा, त्याला आवारात जागा द्या. सेनाया म्हणाला, "चोराला?" काल-परवापर्यंत रानटी असलेल्या रिती त्याला एकदम पाठ झाल्या. अग्बेकोला रानात नेऊन टाकलं.

तेव्हापासून ती चुनाचोराची पोर. तिचं लग्न ठरलं आणि मोडलं, पुन्हा ठरलं आणि पुन्हा मोडलं. तिचा चुना घरं सारवायला चालायचा, कोंबड्यांना घालायला चालायचा, पण चर्चच्या आवारात चिमूटभर चालायचा नाही. ती दर रविवारी चर्चला यायची, सगळ्यात मागच्या बाकावर बसायची, आणि डोळे मिटायची नाही. उघड्या डोळ्यांनी सेनायाच्या मानेकडे बघत बसायची. पाळकाने एकदा विचारलं, बाई, प्रार्थना करता ना? म्हणाली, "करते की. देवा, याला आयुष्य दे, एवढंच मागते. माझ्या आधी मरायला नको."

तिला काय हवं होतं ते गावाला ठाऊक होतं. सेनायाने आपल्या तोंडाने, आख्ख्या मंडळीसमोर, खरं काय ते बोलायचं, आणि बापाला रानातून परत आणायचं.

माझा बाप मरायला टेकला तेव्हा त्याने मला सगळं सांगितलं. मी धावत ताईकडे गेलो. ती शिंपा निवडत होती. मी रडत रडत सांगितलं, तर ही हसायला लागली. "मला सांगतोस होय? अरे, मी तिथे होते. हिंमत असेल तर चौकात जाऊन सांग." मला हिंमत झाली नाही. तोवर सेनाया मंडळीचा मुख्य पंच झाला होता, आणि दारं-खिडक्यांची कामं त्याच्या हातात होती. मी कोण, तर बापाचाच मुलगा.

पडलेल्या कमानीच्या जागी ओदुमच्या लाकडाची जाडजूड आडवी तुळई टाकलेली होती. चहूकडे टोकदार खिडक्या आणि मधोमध हे आडवं धूड. अडतीस वर्षं तुळई तशीच राहिली. शहात्तर साली तिला वाळवीने पोखरलं. त्याच वर्षी सेनायाच्या पंचपणाचा मोठा सोहळा ठरला होता. त्याने सभेत जाहीर केलं की तुळई काढून नकाशातली खरी टोकाची कमान बांधायची, आणि तिच्या खांबावर त्याच्या नावाची संगमरवरी पाटी. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या.

पण सिमेंट कुठे होतं? त्या साली आख्ख्या देशात गोणी दिसेना. राजधानीला, आक्राला, माणसं पाठवली, ती हात हलवत परत आली. केटाहून आणलेला गवंडी म्हणाला, जुन्या विटांना तसाही चुनाच बरा. चुना कोण भाजतं इथे? नदीला वरच्या अंगाला धरण झाल्यापासून शिंपा खाली सरकल्या, भट्ट्या बंद पडल्या. पेटती भट्टी उरली होती ती एकच. नाक दाबलं की तोंड उघडतं. सेनायाचं नाक दाबलं गेलं.

तो पाळकाला घेऊन तिच्या दारात आला. पाळक तरुण, 'हो' नावाच्या शहरातून नवीनच आलेला, त्याला मागचं काही ठाऊक नाही. मला लाकडाची मापं सांगायला बरोबर घेतलं होतं. आमच्याकडे दारात आलेल्याला आधी पाणी देतात, वैऱ्यालासुद्धा. ताईने पाळकाला पाणी दिलं. मला दिलं. मग पाण्याचा तुंबा खाली ठेवला आणि चुलीवरचं आक्पले ढवळायला लागली. सेनाया तसाच उभा.

"कशा आहात, बाई?" तो म्हणाला.

"आहे जिवंत. तुम्हीही आहात. देवाने माझं ऐकलं म्हणायचं."

पाळक गोंधळला. सेनायाने खाकरून चुन्याचं काढलं.

"माझा चुना?" ती म्हणाली. "अहो, राख असते त्यात!"

"जुन्या गोष्टी, बाई. देवाच्या कामात..."

"देते," ती म्हणाली. "हवा तेवढा देते, फुकट देते. बापाच्याच खड्ड्यात विरवीन, बापाच्याच मापाने. पण दोन अटी. चाळीस दिवसांच्या आत पाचरीला हात लावायचा नाही. आणि पाचर काढताना, हुकूम देणारा कमानीखाली उभा राहील. रीत आहे आपली."

पाळकाचा चेहरा खुलला. "वा! किती सुंदर प्रथा! पंचसाहेब, सोहळ्याला शोभेल हे. तुम्हीच हुकूम द्या आणि तुम्हीच उभे राहा."

सेनायाने माझ्याकडे बघितलं. मी मापाच्या दोरीला गाठ मारत बसलो. फुकटचा चुना, समोर पाळक, काय बोलणार? "हो, हो," म्हणाला. "त्यात काय एवढं."

"दोत्से, ऐकलंस ना?" ताई म्हणाली. "या वेळी तरी कान उघडे ठेव."

मी सेंटरिंग केलं. केटाच्या गवंड्याने कमान बांधली, आणि खरंच, बघत राहावं अशी बांधली. शेवटची, टोकाची वीट बसली त्या दिवसापासून ताईने भट्टीच्या भिंतीवर कोळशाने रेघा ओढायला सुरुवात केली. रोज सकाळी एक. आणि दर रविवारी उपासना सुटली की दाराशी उभी राहायची.

"पंचसाहेब, बघितलीत कमान? एक सांधा जरा ओलसर वाटतो नाही?"

दुसऱ्या रविवारी, "पंचसाहेब, काल वरून थोडी माती पडली म्हणे. काही नाही, पाल असेल."

तिसऱ्या रविवारी ती नुसती हसली, आणि मला वाटतं त्या हसण्याने सेनाया जास्त खचला. चोराच्या मनात चांदणं. त्याचा कोट खांद्यावर लोंबायला लागला. अठराव्या दिवशी तर तो कामावर आला, सांगाड्याकडे लांबूनच बघितलं आणि परत फिरला. लोकांना वाटलं, सोहळ्याची धावपळ झेपत नाही म्हाताऱ्याला.

खरं सांगायचं तर मलाही झोप लागेना. पाचर माझ्या हातांनी निघायची होती. एकदा मी परांचीवर चढलो आणि सांध्यात खिळा टोचून बघितला. सांध्यातला वरचा चुना दगडासारखा घट्ट. पण वरवरचा चुना कुणीही चांगला भरतो. आत काय आहे ते भरणाऱ्यालाच ठाऊक, आणि चुना देणारीला.

एकोणचाळिसाव्या दिवशी दुपारी मी नदीवर गेलो, ताई तिथे शिंपा निवडत होती. "ताई," म्हटलं, "एकदाच सांग. चुना बरा आहे ना? माझ्या हातून माणूस मरायला नको."

"तुझ्या बापाने विचारलं होतं का कुणाला?"

"ताई!"

"तू सुतार आहेस. पाचर काढ. बाकीचं मी बघते."

तेवढ्यात काठी टेकत सेनाया आला. पाळक नाही, कुणी नाही. मला बघून थबकला, पण परत जायचं त्राण त्याच्यात नव्हतं.

"झिगबोदी," तो म्हणाला. बाई-बिई सगळं गेलं. "खरं सांग. चुना चांगला आहे ना?"

"मला काय विचारता पंचसाहेब? चुनाचोराच्या पोरीला? चुन्यातलं तुम्हाला कळतं. अडतीस साली नुसत्या नजरेने सांगितलंत की राख आहे म्हणून."

"जुनं काढू नकोस."

"जुनंच घातलंय कमानीत. तोच खड्डा, तीच भट्टी, तेच माप. तेव्हा तो खोटा होता, तर आताही खोटाच असणार. उद्या तुमच्या डोक्यावर येईल, मी तरी काय करू? आणि आता खरा असेल, तर तेव्हाही खराच होता." तिने एक शिंप उचलून टोपलीत टाकली. "मग माझा बाप कशाने मेला ते तुम्ही सांगा."

"मी म्हातारा झालोय गं."

"माझा बाप बेचाळीसचा होता."

तिने वर बघितलं नाही, आणि पाणीही दिलं नाही.

दुसऱ्या दिवशी चर्च ठासून भरलं. बँड होता, गायनमंडळ पांढऱ्या झग्यांत, हो शहराहून आलेले पाहुणे पुढच्या खुर्च्यांवर. खांबावर सेनायाच्या पाटीवर पांढरा कपडा टाकलेला. मी सांगाड्याच्या बुडाशी हातोडा घेऊन बसलो. ताई पहिल्यांदाच पुढे आली होती, मधल्या वाटेत आपलं लहानसं स्टूल टाकून बसलेली, मांडीवर झाकलेलं भांडं.

पाळकाने रीत समजावून सांगितली, फार गोड शब्दांत. पंचसाहेब हुकूम देतील आणि श्रद्धेने कमानीखाली उभे राहतील. सेनाया उठला. काळा सूट, पांढरे हातमोजे. दोन पावलं टाकली. तिसरं टाकलं. कमानीच्या अलीकडे एक हात अंतरावर तो थांबला आणि वर बघितलं.

"पुढे या, पंचसाहेब," ताई म्हणाली. आवाज मोठा नव्हता, पण सगळ्यांना ऐकू गेला. "दोत्से, तयार राहा."

मी हातोडा उचलला आणि पाचरीवर नुसता टेकवला. टक् असा आवाज झाला. वरून विटेची चिमूटभर पूड खाली आली. नवीन कामात येतेच ती. पण सेनायाच्या पांढऱ्या हातमोज्यावर पडली.

"थांब!" तो किंचाळला. "नको! दोत्से, नको! अठरा दिवस झाले होते! अठराच! मी सांगितलं काढायला, मी सांगितलं!"

बँडवाल्याच्या हातातली झांज खाली पडली. पाळक म्हणाला, "पंचसाहेब, काय झालं? कसले अठरा दिवस?"

"नीट सांगा," ताई म्हणाली. "पाहुण्यांना कळलं नाही."

सेनाया वाटेत गुडघ्यांवर बसला. सुटाला धूळ लागली. त्याने सांगितलं. बाजाराचा दिवस, मोठे साहेब, पाचरी, दाराशी उभं राहणं. अग्बेको पाचर परत ठोकायला आत शिरला ते सांगितलं.

"आणि चुना?"

"चुना चांगला होता."

"मागे ऐकू नाही आलं."

"चुना चांगला होता!" तो रडत ओरडला. "राख नव्हती! मी खोटं बोललो!"

मग ती माझ्याकडे वळली. "आणि तुला काही बोलायचंय का, का तुझंही तोंड बापासारखं शिवलेलं?"

मी उभा राहिलो. "पाचर माझ्या बापाने काढली," म्हटलं. "आणि गप्प बसून त्याने ही बाकं बनवली, तुम्ही सगळे बसलाय ती." काही बायका खरोखर बाकावरून उठल्या. मला त्यांचा राग आला नाही.

ताई आपलं स्टूल घेऊन उठली. सेनायाच्या बाजूने गेली, त्याच्याकडे न बघता, आणि कमानीच्या बरोबर मधोमध स्टूल टाकून बसली. भांडं उघडलं. आक्पले आणि भेंडीचं कालवण. "हुकूम माझा," म्हणाली. "काढ, दोत्से." आणि पहिला घास घेतला.

मी पाचरी काढल्या. एक, दोन, सगळ्या आठ. सांगाडा कुरकुरला आणि चार बोटं खाली बसला. कमान होती तिथेच राहिली. ताई जेवत होती. सगळं चर्च एका बाईला जेवताना बघत होतं. तिने बोटं चाटली, भांडं झाकलं आणि म्हणाली, "बापाचा चुना आहे. पडतोय कशाला!"

पाटीवरचा कपडा त्या दिवशी कुणी काढला नाही. नंतर मी ती पाटी उतरवली आणि ताईला नेऊन दिली. तिच्या अंगणात ती उलटी टाकलेली आहे, शिंपा फोडायला बरी पडते.

पंचांनी सभा घेतली, माफीचे ठराव केले, ताईला विचारलं, अजून काय करायचं? ती म्हणाली, बापाला आणा. वाईट मरणाच्या रानातून कुणाला परत आणायची आमची रीत नाही, पण त्या दिवशी रीत काढायची कुणाची हिंमत झाली नाही. मी सेंटरिंगच्याच फळ्यांची पेटी केली, हातभर लांब. रानात जे सापडलं ते आणि तिथली माती तिच्यात घातली. पेटी कोण उचलणार हे ताईने आधीच सांगून ठेवलं होतं.

सेनायाने ती खांद्यावर घेतली. होडीतून या काठाला, बाजारातून, सगळ्या दुकानांसमोरून, चर्चच्या मोठ्या दारातून मधल्या वाटेने. सोबतीला त्याचे मुलगे होते, पण ताईने त्यांना हात लावू दिला नाही. कमानीच्या अलीकडे तो पुन्हा थांबला. मग पेटीला गच्च धरून, डोळे मिटून, आत शिरला.

"थांबा तिथेच," ताई म्हणाली.

तो थांबला. वर कमान, खांद्यावर अग्बेको.

"आता मोजा. मोठ्याने. चाळीसपर्यंत."

पाळक पुढे झाला. "बाई, पुरे झालं आता..."

"तुम्ही बाजूला व्हा, बाळ," ती त्याला म्हणाली. "तुम्ही तेव्हा नव्हता."

सेनाया मोजायला लागला. एक. दोन. तीन. पेटी जड नव्हती, पण त्याचा खांदा खाली खाली जात होता. बारा. तेरा. आवाज फाटला. सतरा. अठरा. अठरावर तो थांबला.

"पुढे," ताई म्हणाली. "माझ्या बापाला अठरालाच थांबवलंत. तुम्ही पुढे चला."

एकोणीस. वीस. तो ढसाढसा रडत मोजत होता आणि सगळी मंडळी उभी राहून ऐकत होती. चाळीस म्हणाला तेव्हा त्याला धरायला मुलगे धावले, आणि ताईने या वेळी त्यांना अडवलं नाही.

आवारात, वेदीच्या मागच्या भिंतीला लागून, अग्बेकोला पुरलं. ऊन कडक होतं. सेनाया भिंतीच्या टेकूला पाठ लावून खाली बसला होता, ओठ पांढरे पडलेले. ताईच्या हातात पाण्याचा भरलेला तुंबा होता. त्याने आधी तुंब्याकडे बघितलं, मग तिच्याकडे, आणि हात पुढे केला. "पाणी," म्हणाला.

"तो आधी," ताई म्हणाली. "अडतीस वर्षं तहानलेला आहे."

तिने तुंबा कबरीवर तिरका केला आणि सावकाश, थेंब न थेंब ओतला. पाळकाने तोंड दुसरीकडे वळवलं. माती पाणी पीत राहिली. मग ताई सेनायासमोर आली आणि तो रिकामा तुंबा त्याच्या पसरलेल्या हातावर उपडा ठेवला.